एक सूत जास्त

सोमवार. उद्यमनगरला सुट्टी.
लेथ गप्प, भट्ट्या गार,
गल्लीत लोखंडाचा कीस तेवढा उन्हात चमकतोय.
आमच्या पत्र्याच्या खोलीत मात्र
पंखे गरगरतायत, एक नाही, पाच.

राजारामपुरीतल्या शीतल मगदूमनं
दोन ग्राफिक्स कार्डं दिलीत, बोलीवर:
"संध्याकाळपर्यंत ठेव ताई, एक घे, एक परत आण.
खोक्याला ओरखडा नको."
नाव शीतल, आणि जन्मभर विकतो
तापणाऱ्या वस्तू.

वहीत उभी रेघ मारली.
डावीकडे जुनं: बारा जीबी, बस रुंद,
क्लॉक सतराशेच्या आसपास, एकशे सत्तर वॅट,
तीन वर्षं कुणाच्या तरी खेळात झिजलेलं.
उजवीकडे नवं: आठ जीबी,
क्लॉक अडीच हजार, वॅट एकशे पंधरा,
काळं, देखणं, अंगाला अजून कारखान्याचा वास.
आई भाकरी थापता थापता डोकावली,
"उजवीकडचं स्थळ बरं दिसतंय."

बाबांनी वही नाकाशी धरून वाचली.
केरबा सुतार, चौतीस वर्षं पॅटर्नमेकर,
डाव्या डोळ्यात आता मोतीबिंदू.
मग उठले, पेटीतनं पितळी पट्टी काढली.
हीच पट्टी मी सातवीत शाळेला नेली होती
आणि भूमितीत माझी प्रत्येक बाजू चुकली होती.
हिचा फूट खऱ्या फुटाहून एक सूत जास्त.
ओतलेलं लोखंड गार होताना आकसतं,
म्हणून लाकूड आधीच तेवढं मोठं कापायचं.

"हे आकडे खोटं न्हाईत," बाबा म्हणाले,
"खरं, ह्या पट्टीनं मोजल्यात.
गार झाल्यावर किती उरतंय, ते बघ."

मी पंपाचं केसिंग लावलं.
रस कुठनं शिरतो, कुठं आधी गोठतो,
कुठं पोकळी धरते, सगळा हिशेब.
नवं कार्ड सुसाट सुटलं.
बावीस टक्के, चाळीस, एकावन्न,
मी आईकडं बघून भुवई उडवली,
आणि त्रेसष्टला थबकलं.
मेमरी अपुरी.
पडद्यावर साचा अर्धा, नारिंगी रस अधांतरी.
पुन्हा लावलं.
पुन्हा त्रेसष्ट.

बाबा हसले नाहीत.
"हात चपळ हाय, लाडल बारकी.
दुसरी खेप येईस्तोवर पहिला रस गोठतोय,
जोड बसत न्हाई.
आमी त्याला कोल्ड शट म्हणायचो.
मालक आमाला काय म्हणायचा, ते ऱ्हाऊ दे."

जुनं बसवलं. एक पंखा कुरकुरतोय.
एक तास अठरा मिनिटं.
मध्ये जेवणं झाली, भांडी झाली,
बाबा अधनंमधनं तळवा जवळ नेऊन बघत होते
भट्टीचा अंदाज घ्यावा तसा.
चौऱ्याऐंशी डिग्री, पडदा म्हणाला.
"निभंल," बाबा म्हणाले.

शंभर टक्के.
आणि फ्लॅंजच्या खाली, आतल्या कोपऱ्यात,
एक लाल ठिपका.

बाबांनी पडदा बघितलासुद्धा नव्हता.
"कोपऱ्यातच ना?
ब्याण्णव साली सत्तावीस केसिंगं तिथंच भोकसली.
मी म्हणत होतो, गोलाई वाढवा.
त्यांनी पॅटर्नची चूक लिहिली
आणि चार महिने पगारातनं कापलं."
आईनं पोळपाट उगाचच पुन्हा धुतला.

संध्याकाळी नवं कार्ड परत दिलं.
खोटं कशाला बोलू, देताना हात रेंगाळला.
अडीच हजार. किती गुळगुळीत आकडा.
"बेंचमार्कला हेच पुढं आहे, ताई," शीतल म्हणाला.
असेल.

घरी आले तर दिवा लावलेला नाही,
पडद्याच्या उजेडात बाबा,
डावा डोळा मिटून,
काचेला पितळी पट्टी लावून
तो लाल ठिपका मोजतायत.